लॅमिनेट केलेली चिठ्ठी

डॉक्टरांनी आईचा कल्चर रिपोर्ट माझ्यासमोर सरकवला. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ते कुठल्या औषधाने मरतात ते बघणं. बारा औषधांची नावं होती, त्यातल्या अकरांपुढे आर. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू आता जुमानत नाहीत. संसर्ग रक्तात गेला होता.

"एकच औषध उरलंय, तेही किडनीला जड जातं," डॉक्टर म्हणाले. "आजवर त्यांना काय काय दिलंत?"

मी पर्समधून चिठ्ठी काढून दिली, तीही अभिमानाने.

सहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी आईला पाच दिवसांसाठी अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. गुण आला म्हणून मी ती चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली. हो, मीच. आईला लघवीला जळजळ झाली की चिठ्ठी घेऊन खाली केमिस्टकडे जायचं. तो तारीख बघायचा नाही, कात्रीने स्ट्रिप कापून चार गोळ्या द्यायचा. बरं वाटलं की दोनवरच थांबायचं, उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगभर ती चिठ्ठी फिरली. कुणाचा घसा, कुणाची दाढ.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

चौदा दिवस सलाईनमधून ते एकच औषध. रोज क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय त्याची रक्ततपासणी. बाहेरच्या बाकावर बसून मी केमिस्टला शिव्या घालायचे. लायसन्स फ्रेम करून लावलंय ना भिंतीवर? मग आठवायचं, चिठ्ठी लॅमिनेट कुणी केली.

आई वाचली. तिची शीर शोधताना न कंटाळणाऱ्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याही घरात असा डबा असेल, तर त्यातली एक गोळीही कुणाला देऊ नका.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारची शालन चिठ्ठी मागायला आली. नातवाला ताप होता. चिठ्ठी कापून टाकली, असं मी सांगितलं, का तेही सांगितलं. ती खाली गेली आणि पाच मिनिटांत चार गोळ्या घेऊन आली, चिठ्ठीशिवाय. म्हणाली, अर्धी अर्धी देईन.

आईने सुयांनी काळेनिळे झालेले हात पुढे केले. "आदी माजे हात बघ गो. मगे दी तेका."

शालनने गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि नातवाला डॉक्टरकडे नेलं.

त्या गोळ्या आणि आईचा रिपोर्ट घेऊन मी खाली गेले. दोन्ही काउंटरवर ठेवले. केमिस्टने रिपोर्टकडे बघितलंही नाही.

"कापलेली स्ट्रिप परत घेत नाही, ताई."