निळ्या सायकलचा चिमटा

गल्ली त्यांना दातवाल्या बाई म्हणूनच ओळखायची. बाई दात काढत नसत, करत असत. कवळ्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात खिडकीजवळ बसून त्या मेणात दात रोवायच्या. कोणत्या माणसाला किती पिवळसर दात शोभेल, हे नुसतं वय ऐकून सांगायच्या.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली त्या वर्षी बाई रद्दी घेऊन भंगारवाल्याकडे गेल्या आणि येताना गंजून गेलेली एक सायकल ढकलत आल्या. यजमान दारातच उभे होते. कचेरीत हेडक्लार्क, स्वभाव टापटिपीचा.

"अगं, रद्दी टाकायला गेली होतीस ना?"

"टाकली."

"मग हे काय आणलंस?"

"बघू या, आतून काय निघतंय."

आतून सायकल निघाली. मागच्या गॅलरीत बैठक मारून बाईंनी छर्रे रॉकेलमध्ये भिजवले, कवळ्यांना चकाकी आणायच्या पुडीने हँडल घासलं. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात मात्र कितीतरी रविवार गेले. एक तार आवळावी, तर चाक भलतीकडेच तोंड फिरवायचं. लहानपणी भावाच्या सायकलच्या फ्रेममधून पाय घालून शिकलेलं चालवणं अंगात होतंच. बाई सायकलवरून कामावर निघाल्या तेव्हा गल्लीने डोळे फाडून पाहिलं. मग गल्लीला सवय झाली. यजमानांना काही झाली नाही. न्हाणीघरातल्या बादलीत चेन दिसली की ते एवढंच विचारायचे, "आज आधी आंघोळ कुणाची?"

भंगारातून आणलेली तिसरी सायकल निळी होती, शर्यतीच्या घाटाची, उचलायला हलकी. जुना रंग खरवडताना, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर, अगदी सांध्याशी, केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा असेल, असं स्वतःला सांगून बाईंनी तीत लांबी, म्हणजे रंगाऱ्याची लुकण, भरली, घासून गुळगुळीत केली आणि वर निळा रंग चढवला. सायकल अशी काही उठून दिसायला लागली, की यजमानांनीसुद्धा चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

थोड्याच दिवसांनी पाण्याच्या टाकीच्या उतारावर कुत्रं आडवं आलं. बाईंनी ब्रेक दाबला आणि चिमटा खडूसारखा तुटला. बाई तोंडावर आपटल्या. उजवं मनगट मोडलं, वरचा पुढचा एक दात गेला. दातवाल्या बाईंचाच दात! हसावं की हळहळावं हे गल्लीला कळेना. तिने दोन्ही करून घेतलं.

हात प्लास्टरमध्ये गेला. कारखान्याचे मालक म्हणाले, दात आम्ही करून देतो. बाई म्हणाल्या, "माझा मीच करीन." तोवर फट तशीच.

नणंद भेटायला आली. "वहिनी, आता तरी ते भंगार घराबाहेर काढा. या वयात कसले हे डोहाळे?"

बाईंनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, माझी सायकल कुठाय?"

नणंदेने कपाळावर हात मारला.

सायकल टाकीपाशीच एका दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती. यजमान गेले आणि तोंड पाडून ती घेऊन आले. बाईंनी चिमट्याचं तुटलेलं टोक डाव्या हाताने उजेडात धरलं. तुटल्या जागी अर्धा भाग काळपट होता, अर्धा लखलखीत.

"हा काळा भाग जुना आहे. चीर आधीपासूनच होती. मी वरून लांबी भरली."

"तुला दिसली होती?"

"दिसली होती."

"मग?"

"रंग फार छान बसत होता हो."

यजमानांनी ते टोक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "पाना कुठला लागतो याला?"

त्यानंतर बाई सांगायच्या आणि यजमान करायचे. डावीकडे म्हटलं की उजवीकडे फिरवायचे. छर्रे कपाटाखाली पळायचे.

"कचेरीत साहेबसुद्धा असा ओरडत नाही माझ्यावर."

"साहेब तुमच्या हातात पाना देतो कुठे?"

भंगारवाल्याकडून दुसरा चिमटा आला, काळा. बाईंनी तो रॉकेलमध्ये बुडवायला लावला, पुसायला लावला आणि वर खडू फासायला लावला. चीर असती तर तिच्यातलं रॉकेल पाझरून खडूवर ओली रेघ उमटली असती. उमटली नाही. तरी बाईंनी त्याला रंग दिला नाही.

प्लास्टर निघालं, पण मनगट पुरतं वळेना. ते पुढेही वळलं नाही. कारखान्यातलं घासकाम दुसऱ्या बाईंकडे गेलं, मेणकाम यांच्याकडे राहिलं. पहिला दात त्यांनी स्वतःचा केला. शेजारच्या दातावर चहाचा डाग होता, तसाच यावरही घातला.

निळी सायकल काळ्या चिमट्यानिशी पुन्हा रस्त्यावर आली. टाकीचा उतार आला की बाई खाली उतरून चालतात; कुणी हसलं तर हसू देतात. यजमान सायकलवर अजून बसलेले नाहीत, बसायची त्यांना हौसही नाही. बाईंच्या मनगटाला न झेपणारे नट मात्र रविवारी ते सोडवून देतात, साबणाने दोनदा हात धुतात आणि पेपर उघडून बसतात.