साळूची उन्हाळी

माजी सून साळू म्हसवडची. बोलायला कमी, कामाला वाघीन. माजा ल्योक कृष्णात पलटनीत, तिकडं बर्माच्या लढाईवर, आन् ही हितं सात म्हैन्याची गरवार. तिचं सांगायचं म्हंजी मला माजंच सांगावं लागतंय, आन् लाज वाटती.

आमच्यात बायामानसांनी परसाकडंला पांदीत जायाचं ते उजाडायच्या आत, न्हाईतर दिस बुडल्यावर. दिवसा पांदीच्या तोंडाला गडीमानसं बसल्याली. पोटुशी बाईला तर घडीघडीला लागतंय. चार बायांत हसं नगं म्हनून मीच म्हनलं, "पानी कमी पी की गं. किती येळा उठतीस?" तवापासनं तिनं तांब्याला हात लावला न्हाई. दिवसभर उसात भांगलायची, तीबी कोरड्या तोंडानं.

मग तिला उन्हाळी लागली. लघवीला बसली की आग आग व्हायची, पदर तोंडात कोंबून रडायची. मी धन्याचं पानी दिलं, सब्जा दिला. त्यानं काय हुतंय? आठ दिसांनी कंबर धरली आन् हुडहुडी भरून ताप आला. मालकांनी बैलगाडी जुपली, आमी तिला सांगलीच्या दवाखान्यात न्हेली.

डॉक्टर बाप्या. त्यानं इचारलं, "लघवीला जळजळ होते का?" साळूनं माज्याकडं बघितलं. दारात तिचा सासरा हुबा. त्याच्यासमूर असलं कसं बोलायचं? मीच म्हनलं, "न्हाई वो. हिवताप हाय. आमच्या गावात घरोघर हाय." डॉक्टरनं कोयनेल दिलं. आमी माघारी आलो.

चवथ्या दिशी ती अवचित बाळंत झाली. पोरगा हुता. घटकाभर जगला. साळूचा ताप काय उतरंना, म्हनून परत सांगली गाठली. तवा डॉक्टरनं लघवी तपासली, गोळ्या दिल्या, आन् ती वाचली. "बाई, त्या दिवशीच खरं सांगायचं होतं," एवढंच त्यो मला म्हनला. जीभ झडली असती तर बरं झालं असतं माजी.

दिवाळीला कृष्णात रजेवर आला. सोप्यात भावकी बसल्याली. त्यानं इचारलं, "पोरगं कशानं गेलं?" मी हिवताप म्हननार, तंवर साळू उंबऱ्यात आली. पदर सावरला आन् समद्या गड्यांसमूर म्हनाली, "मला उन्हाळी लागली हुती. डॉक्टरनं इचारलं, तवा मी बोलले न्हाई."

माजं नावबी घेतलं न्हाई तिनं. कृष्णात उठला आन् तिला नगं नगं ते बोलला. मी तितंच बसून समदं ऐकलं.