बाबांच्या गाठोड्यातला चाकू

कापसाच्या बाजारात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. बंडीतून कापूस उतरतो तसे तेही उतरत राहतात. पण एका घडीच्या चाकूभोवती आमच्या अमरावतीच्या वखारीत जेवढे किस्से जमले, तेवढे दुसऱ्या कशाभोवती जमले नसतील!

दिवस कापसाच्या तेजीचे. अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेतल्या गिरण्या उपाशी, आणि आमच्याकडे बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या! माझे बाबा एका व्यापाऱ्याच्या बंडीबरोबर अकोल्याला गेले, ते परत आलेच नाहीत. आलं ते त्यांचं गाठोडं. एका अनोळखी गाडीवानानं आणून दिलं. म्हणाला, "अकोल्याच्या सराईत उतरले होते, तापानं गेले म्हणे. मी काई डोयानं पाह्यलं नाही."

गाठोड्यात एक धोतर, तंबाखूची पिशवी आणि शिंगाच्या मुठीचा हा चाकू.

आईनं चाकू उलटापालटा करून पाहिला. "हा त्यायचा नाही. धोतरं तं साऱ्या वऱ्हाडाची एकसारखीच. चाकू त्यायचा नाही, मंग मेलेला मानूसबी ते नाहीत!"

सुतक पाळायला तिनं साफ नकार दिला. मामा आले, काका आले, सगळे समजावून थकले. आईचं एकच, "चाकू कोनाचा ते सांगा, मंग पाहू."

म्हणून मी तो वखारीत घेऊन गेलो.

*

पहिला निकाल रहिमतभाईंनी दिला. ते आपल्या तट्टावरून कापसाचे नमुने इकडून तिकडे पोचवत. चाकू हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले. "ये तो नवाबाच्या दस्तरखानावरची चीज हाय! एलिचपूरची! माह्या आजोबानं रोज पाह्यली."

"आजोबा तिथं कोन होते?" आमच्या दाजीबा हमालानं विचारलं.

"खानसामा!"

"मंग तुमच्याच आजोबानं चोरला म्हना की!"

रहिमतभाई दोन दिवस दाजीबाशी बोलले नाहीत.

*

मग नारायणराव कारकुनांनी पात्यावरची अक्षरं वाचायला घेतली. इंग्रजी ते नव्यानंच शिकत होते आणि अक्षरं बरीचशी झिजलेली. चष्मा वर, चष्मा खाली. "एस... एच... पुढचं उडालंय." बराच विचार करून त्यांनी जाहीर केलं, "शंकर! मालकाचं नाव शंकर!"

"पन चाकू तं विलायती दिसते," मी म्हणालो.

"शंकर विलायतेला गेला असेल."

"समुद्र वलांडून?" दाजीबा ओरडला. "मंग तो शंकर कुठचा राह्यला? बाटला असंन!"

*

दोन पात्यांखेरीज चाकूला एक बाकदार आकडा होता. तो कशाचा, कुणालाच कळेना. दाजीबानं प्रश्न निकालात काढला. "कान कोरायचा हाय! कानात बराबर बसते." दुपारच्या सुट्टीत तो गाठींना टेकून बसे आणि डोळे मिटून आकडा कानात फिरवी. चेहऱ्यावर अशी समाधी, की आम्ही तिघंही आपापली पाळी मागू लागलो!

एक दिवस कापूस घ्यायला मुंबईहून गोरा एजंट आला. त्यानं आकडा पाहिला आणि खुशीत येऊन काहीतरी बोलला. नारायणरावांना कळेना. शेवटी साहेबानं स्वतःचा बूट उचलला, तळव्याकडे बोट केलं आणि घोड्यासारखा खिंकाळला!

घोड्याच्या खुरात अडकलेले खडे काढायचा आकडा!

सगळे दाजीबाकडे बघू लागले. तो कान चोळत म्हणाला, "तरीच! मी म्हनो, कानात टापा कावून वाजून राहिल्या!"

*

खात्री करायला आम्ही रहिमतभाईंच्या तट्टाचा पाय उचलला. आकडा नारायणरावांच्या हातात, कारण "शास्त्रोक्त रीतीनं" करायचं होतं. पुढच्या क्षणी नारायणराव कापसाच्या ढिगात, फक्त पागोटं बाहेर!

दाजीबा म्हणाला, "तट्टानं चाकू वळखला. कारकुनाले नाही वळखलं!"

त्या संध्याकाळी मी हसत घरी गेलो आणि आईला सांगितलं. ती मात्र हसली नाही. "घोड्यावाल्याचा चाकू. आपल्याकडं घोडा होता काय कधी? म्हनलं होतं ना!" तिनं बाबांची घोंगडी झटकून पुन्हा खुंटीला टांगली.

*

पुढं थंडीत दाजीबा एका बाईला आमच्या घरी घेऊन आला. ती अकोल्याची, सराईशेजारी गाडीवानांना भाकरी करून विकायची. रिद्धपूरला दर्शनाला निघाली होती, वाटेत बाजारात बाबांचं नाव सांगून घर विचारत होती.

आईनं चाकू तिच्यापुढं ठेवला.

"माह्या घरधन्याचा हाय," बाई म्हणाली. "घोडे सांभाळनारे सायीस होते ते. आता नाहीत. तुमच्या मानसाच्या तोंडाले तापानं चव नव्हती. ऊस मांगे. सोलाले मी चाकू देल्ला. मंग तो गाठोड्यातच बांधल्या गेला."

"कोनीबी असंन तो," आई म्हणाली. "माह्याबद्दल काई बोलले काय?"

बाई पदर तोंडाला लावून हसली. "बोलले ना. म्हने, 'घरचीले सांगू नका. ते म्हनन, तापात ऊस कावून खाल्ला!'"

"पन खाल्ला कावून?" आई एकदम खेकसली.

मग तिला हसू आलं. हसता हसता तिनं पदराच्या टोकानं कपाळावरचं कुंकू पुसलं आणि त्या बाईला म्हणाली, "बसा. जेवून जा."