मिलकामावशीची सही

मालवणच्या बाजारात राहेलबाईंच्या शिवणवर्गाला पाटी नव्हती, तरी कुणी रस्ता चुकत नसे. शनिवारी बाई मशीनला हात लावत नाहीत, मग गिऱ्हाईकानं कितीही नाक घासलं तरी, हेही गावाला पाठ होतं. अशा बाईला तुमचं लग्नच धड लागलेलं नाही म्हणून सांगायचं, म्हणजे हद्द झाली.

पण १९८६ च्या मार्चात इस्राएलहून लेकीचं पत्र आलं. लीयाचं लग्न तिथल्या सनातनी धर्मपीठापुढे अडलं होतं. आईवडिलांच्या केतुबेवर, म्हणजे लग्नाच्या करारावर, साक्षी कुणाच्या, असं त्यांनी विचारलं आणि पोरीनं खरं ते सांगितलं. राहेलबाईंचं लग्न मुंबईतल्या उदारमतवादी यहुदी मंडळींत लागलेलं. एक साक्ष मिलकामावशीची होती. आईवेगळ्या राहेलला तिनंच वाढवलं, म्हणून राहेलनं हट्टानं तिची सही घेतली. त्या मंडळींना त्यात काही वावगं वाटलं नाही. सनातन्यांना मात्र दोन्ही साक्षीदार पुरुषच लागतात. योग्य केतुबा आणा, नाहीतर लग्न नाही, असा निरोप होता.

नवरा हनोख यानं अलिबागकडून जुन्या वळणाच्या हजानांना, प्रार्थना चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांना, बोलावून घेतलं. हजान दोन पुरुष साक्षीदार घेऊन गुरुवारी सकाळी आले. शुक्रवारी सूर्य मावळताना शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा, लागायच्या आत घर गाठायचं, म्हणून अडीचची एस.टी. पकडणं भाग होतं. माणूस सरळ, आणि सरळ माणसाशी भांडणं महाकठीण. त्यांनी समजावलं की नवी केतुबा दोनच कारणांनी लिहितात, जुनी हरवली तर किंवा जुनीत चूक सापडली तर. ते कारण मजकुरातच घालावं लागतं. इथे अर्थातच चूक.

राहेलबाईंचं डोकं फिरलं. मावशी निरक्षर होती. त्या एका सहीसाठी ती महिनाभर पाटीवर स्वतःचं नाव गिरवत बसली होती. ती चूक?

"हरवली असं लिहा," त्या म्हणाल्या.

"पेटीत आहे ती हरवली कशी लिहू?" हजान म्हणाले. "खोट्यावर लेकीचा संसार उभा करायचा का?"

एका शब्दापायी पोरीचं लग्न मोडू नकोस, म्हणून हनोखनं हात जोडले. मावशी कधीच वारली, तिला काय कळणार, असंही तो बोलून गेला. दीड वाजून गेला होता. राहेलबाईंनी पेटी उघडली, जुनी केतुबा घेतली आणि मागच्या दारानं निघाल्या.

"खंय चललंस गो उनात?" शेजारच्या शेवंतीनं विचारलं. राहेलबाई थांबल्या नाहीत.

त्या परतल्या तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं.

"आता हरवली," त्या म्हणाल्या. "दर्यात."

हजानांनी लुगड्याच्या ओल्या काठाकडे पाहिलं. मग त्यांनी लेखणी उचलली. केतुबेची ती जुनी हिब्रू लिपी बाईंना येत नव्हती. 'हरवली' कुठे लिहिलंय, ते त्यांनी हजानांना बोट ठेवून दाखवायला लावलं.

दोन्ही साक्षीदारांनी एस.टी.च्या घाईत भराभर सह्या केल्या. मिलकामावशीला तेवढ्यालाच पाव तास लागला होता, आणि सगळं लग्नघर तिच्यासाठी थांबलं होतं.