अपॉइंटमेंटशिवायचा चहा

विठ्ठलवाडीच्या चाळीतून मी निघाले त्या सकाळी बाबांनी घरात बुद्धवंदना घेतली, आईने खीर भरवली आणि शेजारच्या काकू टॅक्सीत डोकं घालून म्हणाल्या, "पोरी, तिकडे उपाशी राहू नकोस." बाबा एवढंच बोलले, "शिक आणि परत ये." मी मान डोलावली. तेव्हा खरंच परत यायचं होतं.

बायोफिजिक्स म्हणजे काय, हे चाळीत मला कधी धड सांगता आलं नाही. पेशीतला एकेक रेणू लेसरच्या उजेडात धरायचा आणि ओढून बघायचा, हे माझं काम. ते करत करत जर्मनीत प्राध्यापक झाले, पण करारावर. माझा संशोधनाचा ग्रुप चालला तर नोकरी कायम, नाहीतर उचला बॅग.

आता गंमत ऐका. आमच्याकडे दिवसाढवळ्या दार बंद म्हणजे एकतर आजारपण, नाहीतर भांडण. इथे अख्खा कॉरिडॉर बंद! मला वाटलं, सगळे माझ्यावर रुसलेत. मी माझं दार सताड उघडं ठेवायचे आणि विद्यार्थी जाता-येता ते हळूच लोटून घ्यायचे, बाईंचं राहून गेलं असेल म्हणून. अपॉइंटमेंटशिवाय कुणी आत पाऊल टाकेल तर शपथ.

लेना माझी पहिली पीएचडीची विद्यार्थिनी. तिचा रेणू दरवेळी मधेच सुटायचा. ती सगळं सोडून जायच्या बेतात आहे, हे मला भलत्याच माणसाकडून कळलं. ती गेली की ग्रुप बसलाच. मग म्हटलं, खड्ड्यात गेली अपॉइंटमेंट. चहाचे दोन कप घेतले आणि न विचारता तिच्या टेबलाशी जाऊन बसले. ती आधी गांगरली, मग रडली, मग बोलायला लागली. रेणू ज्या धाग्याने बांधायचो तो धागाच आम्ही बदलला, आणि काही आठवड्यांत मोजमाप नीट यायला लागलं. लेना राहिली.

यंदा मी कायम झाले. पण घरी फोन करायला हात धजेना. कायम म्हणजे काय, ते बाबांना न सांगता कळणार होतं. शेवटी सांगितलं. मला रडूच फुटलं. म्हटलं, "बाबा, मी परत यायचं कबूल केलेलं."

तेवढ्यात आईने फोन घेतला. "अगं, रडतेस काय? तिकडे थंडी किती असते ते सांग. स्वेटर उल्हासनगरातून घेऊ की तिकडेच बघायचे?"

दोघांचे पासपोर्ट आलेत, व्हिसाही झालाय. घर कुठलं, असं हल्ली इथे कुणी विचारलं की मी सांगते, पुढच्या महिन्यात विमानाने येतंय.