अण्णांच्या बातम्या

परतूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांच्या खडखडाटात वीस वर्षं काढून माझ्या वडिलांचे, अण्णांचे, कान गेले. भावकीत कुणाचं लग्न ठरलं, गल्लीत कोण वारलं, हे त्यांना सगळ्यांत शेवटी कळायचं. आई ओरडून सांगायची. ती ओरडली की ते चिडायचे, अन् ते चिडले की ती आणखी ओरडायची.

मी शाळेत असताना घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला. रविवारी दुपारी त्यावर बहिऱ्यांसाठी बातम्या लागायच्या. बातम्या देणारी बाई हातांनी खुणा करायची. त्या खुणा अण्णांना कुठून कळणार? पण मोठ्या हिंदी अक्षरांत मथळे यायचे आणि वाचून होईपर्यंत थांबायचे. मग अण्णा टोपी घालून ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून बातम्या सांगत. मध्ये कुणी बोललं तरी ऐकू येत नसल्यामुळे त्यांना थांबवायची सोय नव्हती! त्या एका दुपारी आमचा माणूस ताठ बसायचा.

नोकरी लागल्यावर मी हौसेनं रंगीत टीव्ही घेतला, केबल जोडली आणि गच्चीवरचा अँटेना स्वतःच्या हातानं उतरवला. रविवारच्या त्या बातम्या मागे पडल्या; आता बातम्या दिवसभर चालू. खालून अक्षरांची पट्टी पळायची. अण्णा अर्ध्यात असतानाच ती निघून जायची. पण ते चिवट. तीच ओळ फिरून येईपर्यंत बसून राहत, बातमी पुरी करत आणि ओट्यावर येत. लोक हसून म्हणत, "सकाळीच पाह्यलं, अण्णा."

एकदा मी जेवायला बसलो होतो. अण्णा घाईघाईनं समोर येऊन बसले.

"आरं, रेल्वेचं भाडं वाढून राह्यलं. पेपरात यायचंय अजून!"

मी मानही वर केली नाही. माहीत आहे, अशा अर्थानं नुसता हात झटकला. तो त्यांना लगेच कळला.

"मंग बराबर हाय," म्हणाले आणि उठले.

त्यानंतर त्यांनी कुणालाच बातमी सांगितली नाही. टीव्हीसमोर बसत, पण वाचताना हलणारे ओठ थांबले होते. दोन वर्षांनी ते गेले. मला अजून स्वतःची चीड येते. भाडं वाढल्याचं मला सकाळीच कळलं होतं, हे खरं. पण "कधीपासून हो, अण्णा?" एवढं मोठ्यानं विचारायला माझं काय जात होतं?