छत वाजवून घेणारी बाई

आमच्या सासूबाई, सिंधुबाई, कुठलीही वस्तू वाजवून घेतात. माठ सगळेच वाजवून घेतात, पण या नारळ, कलिंगड, बादली, इतकंच काय, नव्या दाराची फळीसुद्धा वाजवून बघतात. दुकानदार कंटाळतो, मी शरमेने दुसरीकडे बघते आणि या मान तिरकी करून बोटाच्या पेराने टकटक करत राहतात. लग्न होऊन मी मखमलाबादला आले त्याला सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांनी आणलेला एकही माठ तडकलेला निघाला नाही, हे कबूल केलंच पाहिजे. तरी ही खोड मला कधी आवडली नव्हती. मागच्या वर्षापर्यंत तरी नाही.

आमचा फुलांचा धंदा आहे. घरामागे झेंडू आणि शेवंती, पुढे रस्ता. पहाटे सासूबाई आणि माझा नवरा दीपक क्रेट भरून फूलबाजारात जातात, उन्हं तापायच्या आत परत येतात. घर सासूबाईंच्या नावावर. बँकेचं कर्ज काढून बांधलं तेव्हा बँकेने सोबत आगीचा विमाही गळ्यात मारला होता. त्यावरून दीपक किती बडबडला होता, ते मला पाठ आहे. नंतर त्याच विम्याने आम्हाला तारलं.

मागच्या फेब्रुवारीत मागच्या खोलीत स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती, तिने भर दुपारी पेट घेतला. आम्ही शेतात होतो आणि आमची मुलगी आरोही शाळेत होती. ती खोली तिचीच. खाट, पुस्तकं, कपाट, सगळ्याची राख झाली. छताचं काँक्रीट उष्णतेने फुटून खाली पडलं होतं आणि वरच्या सळया काळ्या पडून उघड्या झाल्या होत्या. रविवारी आरोही दुपारभर त्या खाटेवर लोळत असते. आग रविवारी लागली नाही, एवढंच आमचं नशीब. तो विचार मी अजूनही पुरता करत नाही.

विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला. त्याचा रिपोर्ट आरोहीने आजीला दोनदा वाचून दाखवला. छताचा जळालेला भाग फोडून काढायचा, सळया घासून साफ करायच्या, मग नवीन काँक्रीट भरायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. कामाला दीपकने त्याच्या ओळखीचे ठेकेदार ललितशेठ बोलावले. पैसे कंपनीकडून टप्प्याटप्प्याने येणार होते, पण शेवटचा टप्पा घरमालकाच्या सहीशिवाय सुटणार नव्हता. काम पूर्ण झालं आणि समाधानकारक झालं, अशी ती सही. म्हणजे सगळा खेळ सासूबाईंच्या हातात होता, आणि हे ललितशेठना जरा उशिरा कळलं.

ललितशेठ माणूस गोड. येताना आरोहीला चॉकलेट आणायचे, सासूबाईंना मावशी म्हणायचे, आणि दर वेळी काम ‘फक्त आठ दिवसांचं’ उरलेलं असायचं. आम्ही तोवर गल्लीच्या टोकाला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. तिथे नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. आरोहीचं दहावीचं वर्ष सुरू झालं होतं आणि ती स्वयंपाकाच्या ओट्याखाली सतरंजी टाकून अभ्यास करत होती.

ऑगस्टमध्ये ललितशेठ म्हणाले की छत झालं, येऊन बघा. सासूबाई गेल्या. गवंड्याची चढायची लाकडी घोडी अजून तिथेच होती. साठीची बाई पदर खोचून घोडीवर चढली, कमरेचं खुरपं काढलं आणि त्याच्या मुठीने छत वाजवायला लागली. कामगार हसले. मीही हसले असते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. त्यांनी आरोहीकडून खडू मागितला आणि खिडकीच्या बाजूला छतावर परातीएवढे चार गोल काढले.

“शेठ, एवढं पोकळ हाय,” त्या खाली उतरून म्हणाल्या. “आतलं जळकं काढलं नाय तुम्ही. वरून प्लास्टर मारलंय.”

“अहो मावशी, नवं प्लास्टर ओलं असतं. त्याचा आवाज असाच येतो.”

“मंग बाजूचं बी नवंच हाय ना? त्याचा आवाज असा का नाय येत?”

ललितशेठ हसले आणि करतो म्हणाले. चार दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा घोडी हलवलेली होती आणि अख्खं छत पांढऱ्याशुभ्र रंगात चमकत होतं. खडूचा मागमूस नव्हता. “सगळं फोडून नवीन भरलं, मावशी,” ललितशेठ म्हणाले. सासूबाईंनी कोपऱ्यातला बांबू उचलून वर ठोकलं, आणि ललितशेठनी पुढे केलेला सहीचा कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला.

मग पाच आठवडे तो कागद त्या पिशवीतून बाहेर आला नाही. ललितशेठचे फोन दीपकला यायचे, दीपक आईवर चिडायचा. आपल्याला काँक्रीटमधलं काय कळतं, असं तो म्हणायचा. सर्व्हेअरला परत बोलावलं तर त्याने फोटो पाठवा म्हणून सांगितलं, आणि फोटोत छत इतकं देखणं दिसत होतं की मीच भुलले. खोटं कशाला बोलू, मी दीपकपेक्षा जास्त चिडले होते. एक दिवस पाण्याच्या नंबरावरून शेजारणीशी भांडून आले आणि सगळा राग सासूबाईंवर काढला.

“आई, तुमच्या हट्टापायी पोरगी ओट्याखाली अभ्यास करतीये. करा सही आणि होऊ द्या मोकळं. छत काय माठ आहे का?”

मला वाटलं, आता बोलतील आणि मीही बोलेन. पण त्या माळ ओवत राहिल्या. दोन दिवसांनी त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, “शनिवारी शेठला जेवायला सांग. त्याच्या माणसांना बी. घर झालं म्हंजी काम करणाऱ्याला जेवू घालायची रीत हाय. कागद तवाच बघू.”

आमच्या जिवात जीव आला. मी पहाटे उठून पुरण वाटलं. पुरणपोळ्या, सार, कुरडया, भजी, भात. जेवणाची पंगत सासूबाईंनी स्वतः मांडली, आणि मांडली ती मागच्या खोलीत. खोली रिकामी होती, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. भिंतीला लागून चार कामगार आणि दीपक, आणि खिडकीशी एक पाट वेगळा, त्याच्याभोवती रांगोळी. मानाचा पाट.

ललितशेठ नवा शर्ट घालून आले. सासूबाईंनी त्यांना हात करून खिडकीशी बसवलं. ते बसले. मी सार वाढत होते, म्हणून मला स्पष्ट दिसलं. त्यांनी एकदा वर पाहिलं, मग ताटात पाहिलं, परत वर पाहिलं. मग पाट उचलून भिंतीकडे सरकले.

“मावशी, मी इकडंच बसतो. सगळ्यांमध्ये बरं वाटतं.”

“बसा की,” सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात आरोही शाळेतून आली. दप्तर टाकलं, हात धुतले आणि भूक लागली म्हणत आपलं ताट घेऊन सरळ त्या रिकाम्या जागेवर रांगोळीत बसायला निघाली. सासूबाईंचा हात तिला अडवायला पुढे झाला होता, तो मी पाहिला. पण त्यांच्या आधी ललितशेठ ओरडले.

“बाळा, तिथं नको!”

मी वर पाहिलं. छत एकसारखं पांढरं होतं. कुठे डाग नाही, रेघ नाही, खूण नाही. कोणता भाग अजूनही पोकळ आहे ते खात्रीने फक्त दोन माणसांना माहीत होतं. एक ज्याने ते रंगाखाली झाकलं, आणि दुसरी जिने ते वाजवून शोधलं.

“का नको, शेठ?” सासूबाईंनी आरोहीला आपल्याजवळ ओढून घेत शांतपणे विचारलं. “तिची खाट तिथंच लागणार हाय.”

ललितशेठची मान खाली गेली. दीपक उठायला लागला, त्याचे कान लाल झाले होते. सासूबाईंनी त्याला हातानेच बसवलं.

“आधी जेवा सगळे. पोळी गार होती. प्रतिभा, शेठला तूप वाढ.”

मी तूप वाढलं. राग मला ललितशेठपेक्षा माझाच आला होता. छत काय माठ आहे का, हे मीच म्हटलं होतं. माझ्या पोरीच्या डोक्यावरच्या छताबद्दल.

सोमवारी सकाळी ललितशेठ स्वतः हातोडा घेऊन आले. कामगारांना त्यांनी बाजूला उभं केलं. पहिल्या दोन घावांतच परातीएवढा थर धाडकन खाली आला, आणि मागे तेच जळकं काँक्रीट आणि त्याच काळ्या सळया. मी उंबऱ्यावर बसले. सासूबाई मात्र ढिगाऱ्यातलं ढेकूळ उचलून बोटांनी चुरत होत्या. ते भाकरीसारखं मोडत होतं. ललितशेठ खाली न बघता म्हणाले, “मावशी, घाई झाली होती. दुसऱ्या साइटवर माणसं पाठवायची होती.” सासूबाई म्हणाल्या, “आता नका घाई करू.”

काम पुढे बावीस दिवस चाललं. ललितशेठ रोज यायचे, आणि आता चॉकलेट आणत नव्हते. शेवटच्या दिवशी मी चहा आणला तेव्हा त्यांनी कप घेतला आणि कुणी न सांगता खिडकीशी जाऊन जमिनीवर बसले. सासूबाईंनी पिशवीतून कागद काढला, त्याची घडी मोडली आणि सावकाश अक्षरं जुळवत सही केली.

संध्याकाळी दीपकने नवी खाट आणली. ती खिडकीशी सरकवायच्या आधी मी स्टुलावर चढले, खुरपं घेतलं आणि मुठीने वर ठोकलं. एकदा इथे, एकदा तिथे, मग चारही जागांवर. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

“कळतंय का काय?” त्यांनी विचारलं.

“कळतंय, आई,” मी म्हणाले. खाली उतरून खुरपं त्यांच्या हातात दिलं.

“मंग लाव खाट,” त्या म्हणाल्या, आणि माळ ओवायला निघून गेल्या.